नाताळाला घरी येऊ नको, असं ज्यांना सांगितलंय त्यांच्यासाठी

(डिसेंबरच्या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केलीय.)

नमस्कार मंडळी. बसमध्ये असाल, होस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर घरातच पांघरूण डोक्यावर घेऊन हेडफोन लावून बसला असाल. जिथं असाल तिथं, स्वागत.

आपण इथे इतिहास सांगतो. किल्ले, पेठा, दुष्काळ, जुनी वर्तमानपत्रं. आजही इतिहासच सांगणार आहे, पण या वेळी सुरुवात माझ्या घरापासून करावी लागेल.

मी अकोल्याचा, जुन्या शहरातला. मोर्णा नदीच्या अलीकडे असदगडाची तटबंदी, जवळच राजराजेश्वराचं देऊळ. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावडी येतात तेव्हा आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. गल्लीत घरं सगळ्यांचीच. आमचं ख्रिस्ती घर एक, शेजारी हिंदू, समोर मुसलमान. दिवाळीला फराळ आमच्याकडे येतो, ईदला शीरखुर्मा येतो आणि नाताळाला आमच्या करंज्या सगळीकडे जातात. लहानपणी ती ताटं पोचवायचं काम माझं. ताट परत येताना त्यात काहीतरी असायचंच. मूठभर साखर, चार केळी, काहीही. आई म्हणायची, "कोणाचं ताट रिकामं परत नाही करत."

तीन वर्षांपूर्वी मी घरी सांगितलं की मी गे आहे. तेव्हा ऑक्टोबर होता. डिसेंबरमध्ये पुण्याहून तिकीट काढायच्या आधी आईचा फोन आला. "यंदा नको येऊ बापू. मंडळीतले लोकं येतीन. कोणाकोणाले काय सांगू मी?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्यात चर्चच्या सभासदांना मंडळी म्हणतात. मी प्रत्येक भागात तुम्हाला "नमस्कार मंडळी" म्हणतो, तो शब्द मला तिथूनच सापडला.

मागून पप्पांचा आवाज आला. फोनवर ते आले नाहीत, पण मला ऐकू जाईल इतकं जोरात म्हणाले, "आपल्या घराण्यात असं कोणी झालं नाही."

त्या रात्री मी रडलो, ते जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मात्र डोक्यात एकच शब्द फिरत होता. घराणं. मी इतिहासाचा विद्यार्थी, त्यामुळे प्रश्न पडला की आमचं हे घराणं सुरू कुठून होतं?

पणजोबांच्या आधी कोण?

उत्तर सोपं आहे. आमचं घराणं 1900 सालापासून सुरू होतं. त्याच्या मागे काही नाही.

तेव्हाचा वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. निजामाचा प्रदेश, पण 1853 पासून कारभार इंग्रजांकडे. 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि खामगाव-अकोल्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जिनिंग आलं, बाजार फुलले. ज्वारीच्या रानात कापूस पेरला गेला. मग 1896-97 चा दुष्काळ आला आणि त्यातून सावरायच्या आत 1899-1900 चा. पाऊस गेला, ज्वारी गेली, गुरं गेली. घरात खायला नसलं की सगळ्यात आधी रस्त्यावर येतात ती पोरं. कोणाचे आईबाप मेलेले असतात, कोणी पोराला देवळाच्या पायरीवर नाहीतर स्टेशनवर सोडून गेलेलं असतं.

त्या काळात अकोला-खामगाव भागात अमेरिकन मिशनऱ्यांचं काम सुरू झालेलं होतं. दुष्काळातली पोरं त्यांच्या अनाथालयांत आली. आमचे पणजोबा त्यातलेच एक, वय पाचेक वर्षांचं. मूळ नाव कोणालाच माहीत नाही. मिशनच्या वहीत बायबलमधलं एक नाव लिहिलं गेलं, तेच पुढे चाललं. आडनाव मागाहून घेतलेलं. जात कोणती, गाव कोणतं, कोणी सोडलं आणि का सोडलं, काही कळलं नाही. आजी सांगायची, "गाव इचारलं का चूप राहत."

म्हणजे पप्पा ज्या घराण्याबद्दल बोलत होते, ते घराणं घराबाहेर पडलेल्या एका पोरापासून सुरू झालंय. त्याचा फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. नाताळाला त्याच्यावर झिरमिळ्या लावतात. आणि त्याच फोटोखाली मला "येऊ नको" सांगितलं गेलं.

हे आमच्याच घराचं असतं तर मी भाग केला नसता. पण शोधत गेलो तसं दिसलं, की मराठी ख्रिस्ती समाजाच्या सुरुवातीच्या पानांवर अशीच माणसं आहेत.

घटस्फोट या शब्दाचा जुना अर्थ

आज घटस्फोट म्हटलं की नवरा-बायको आठवतात, कोर्ट आठवतं. मूळ अर्थ वेगळा आहे. घट म्हणजे घडा, स्फोट म्हणजे फोडणं. धर्मशास्त्रात हा एक विधी आहे. घरातलं कोणी "पतित" झालं, म्हणजे जातीबाहेरचं वागलं, की नातेवाइकांनी जमायचं, तो माणूस मेला असं समजून त्याच्या नावानं पाणी द्यायचं आणि पाण्याचा घडा लवंडायचा किंवा फोडायचा. त्यानंतर त्याच्याशी बोलायचं नाही, एका पंगतीत बसायचं नाही, वाटणीत त्याला हिस्सा नाही. माणूस जिवंत, घरच्यांच्या लेखी मेलेला.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जे उच्चवर्णीय तरुण ख्रिस्ती झाले, त्यांच्यावर अशी वेळ यायची. काही घरांत घडा फुटायचा, काही घरांत नुसतंच दार बंद व्हायचं. ज्यांचं घर आमच्या पणजोबांसारखं दुष्काळानं मोडलं, त्यांना विधीचीही गरज पडली नाही.

1843 मधलं मुंबईचं एक प्रकरण बघा. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. हेच पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती, अजून अल्पवयीन, तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण खरी इथूनच सुरू झाली. मुलगा मिशनऱ्यांकडे जेवला होता. आता त्याला पंगतीत घ्यायचं का? प्रायश्चित्त द्यायचं का, आणि दिलं तरी ते चालेल का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घ्यावं या बाजूनं उभे राहिले, तर त्यांच्यावरच टीकेची झोड उठली.

मला यातलं सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? बापाला मुलगा हवा होता. त्यासाठी तो कोर्टाची पायरी चढला. अडून बसले होते ते बाकीचे. आईचं वाक्य आठवलं, "कोणाकोणाले काय सांगू मी?" कित्येक घरांत दार आईबाप बंद करत नाहीत. लोक काय म्हणतील ही भीती बंद करते.

पुढे 1850 मध्ये कायदा आला. धर्म बदलला किंवा जातीबाहेर काढलं, तरी वारसाहक्क जाणार नाही, असं त्यात होतं. कागदावर मोठी गोष्ट होती. पण 1854 मध्ये बेळगावात बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या कायद्यानं त्यांना घरच्यांचा दुरावा चुकला नाही. हेच बाबा पदमनजी 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहितात, ज्याला अनेक जण मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात, आणि ती कोणाबद्दल आहे? विधवांबद्दल. घरात राहून घराबाहेर टाकलेल्या बायकांबद्दल.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे कालपर्यंत कौतुक करणारे लोक फिरले. 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदनातून पालकांनी मुली काढून घेतल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या, आणि समाज ज्यांना "वाट चुकलेल्या" म्हणायचा त्यांच्यासाठी कृपासदन काढलं. अकोल्याचाही एक धागा आहे इथे. अकोल्यात मिशनचं काम करणाऱ्या जेनी फुलर यांचं हिंदुस्थानातल्या बायकांच्या हालांवरचं इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये आलं, त्याला प्रस्तावना रमाबाईंची होती.

या सगळ्याला दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. मिशनऱ्यांच्या मागे इंग्रजी सत्ता होती. अल्पवयीन पोरांच्या धर्मांतराबद्दल तेव्हाही राग होता आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. शिवाय धर्म बदलणं हा निर्णय असतो. मी गे आहे हा माझा निर्णय नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाहीये. पण उंबरठ्याबाहेर उभं राहणं काय असतं, सणाच्या दिवशी आपलं ताट वाढलं जात नाही म्हणजे काय होतं, हे आमच्या समाजाला माहीत होतं. आता तोच समाज ते विसरलाय.

लक्ष्मीबाईंना किती वर्षं लागली

आता ज्या गोष्टीनं मला खरा आधार दिला, ती सांगतो.

नारायण वामन टिळक. कवी, विद्वान, नागपूर-राजनांदगावकडे नोकऱ्या केलेला माणूस. राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात एक गोरा मिशनरी भेटतो, बायबल देतो आणि दीर्घ विचारानंतर टिळक 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतात. घरात बायको, लहान मुलगा. बायको म्हणजे लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंचं माहेर म्हणजे सोवळ्याचा कळस. त्यांचे वडील इतके कडक की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतल्यावर काय उरतं, ते तुम्हीच बघा. अशा घरातली बाई, आणि एक दिवस कळतं की नवरा ख्रिस्ती झाला. त्या काळात तिच्यासाठी हे विधवा होण्यासारखं, किंवा त्याहून वाईट. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही.

लक्ष्मीबाई लगेच समजूतदार झाल्या नाहीत. त्या तुटल्या, आजारी पडल्या, नातेवाइकांकडे राहिल्या. नवऱ्याशी पत्रव्यवहार चालू, पण घर वेगळं. पुढे अहमदनगरला आल्या, तेव्हाही आपली चूल, आपलं पाणी वेगळं. मग हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. आधी प्रश्न पडला की जात देवानं केली का माणसानं. मग कोणाच्याही हातचं चालायला लागलं. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. जवळजवळ पाच वर्षं गेली मध्ये.

हे सगळं त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिलं. पहिला भाग 1934 ला आला. मराठीतल्या सगळ्यात सुंदर आत्मचरित्रांपैकी एक, आणि मजा म्हणजे त्यात स्वतःच्याच सोवळ्यावर त्या पोट धरून हसतात. टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत सांगणारं 'ख्रिस्तायन' सुरू केलं होतं. त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. उरलेले साठाहून जास्त अध्याय कोणी लिहिले? लक्ष्मीबाईंनी. ज्या श्रद्धेपायी नवऱ्याच्या हातचं पाणी बंद केलं होतं, तिच्यावरच.

मी हे पुस्तक आधीही वाचलं होतं, कॉलेजात. तेव्हा टिळकांच्या बाजूनं वाचलं होतं. त्या नाताळाला, पुण्याच्या खोलीवर एकट्यानं, लक्ष्मीबाईंच्या बाजूनं वाचलं आणि मला त्यांच्यात माझी आई दिसली. मला स्वतःला कळायला आणि स्वीकारायला दहा वर्षं लागली. आईला मी एका संध्याकाळी सांगितलं आणि दोन महिन्यांत उत्तराची अपेक्षा केली.

याचा अर्थ "सहन करा, पाच वर्षं थांबा" असा घेऊ नका. टिळकांनी बायकोची वाट पाहिली, पण आपण कोण आहोत हे परत खिशात नाही घातलं. पत्रं लिहीत राहिले आणि स्वतःचं आयुष्यही जगत राहिले.

कायदा, चर्च आणि पुस्तक

आता आजच्याकडे येऊ. भारतीय दंड संहिता 1860 ची. त्यातलं कलम 377 इंग्रजांनी आणलं. दिल्ली हायकोर्टानं 2 जुलै 2009 ला प्रौढांच्या संमतीनं असलेले संबंध त्यातून वगळले, सुप्रीम कोर्टानं 11 डिसेंबर 2013 ला तो निकाल उलटवला. नाताळाच्या दोन आठवडे आधी. मी तेव्हा शाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो, घरी टीव्हीवर बातमी लागली आणि पप्पांनी चॅनल बदललं. शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला, नवतेज सिंग जोहर खटल्यात, आपण गुन्हेगार नाही हे पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं.

1850 चा कायदा आठवा. कायदा हक्क देतो. जेवणाच्या ताटावर बोलवत नाही. ते काम घराचं असतं.

चर्चचं काय? सगळी चर्चेस एका सुरात बोलत नाहीत. 377 टिकावं म्हणून कोर्टात उभ्या राहिलेल्यांत ख्रिस्ती संघटनाही होत्या. त्याच वेळी, 2013 च्या निकालानंतर, मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे म्हटलं की समलिंगी लोकांना गुन्हेगार ठरवणं चर्चला मान्य नाही. लग्नाबद्दलची चर्चची जुनी शिकवण त्यांनी सोडली नाही, पण हेही सांगितलं. आपल्या नागपुरात मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियानंही या विषयावर चर्चा सुरू केल्या. 18 डिसेंबर 2023 ला, पुन्हा नाताळाच्या तोंडावर, पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेनं व्हॅटिकननं धर्मगुरूंना समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. तो विवाह मानायचा नाही, हेही त्यात स्पष्ट होतं. कोणाला हे फार वाटलं, कोणाला फार थोडं.

आणि जे म्हणतात "प्रार्थनेनं बरा होशील", त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची मोठी ख्रिस्ती संस्था होती. लोकांना "बदलण्याचं" काम कित्येक वर्षं केलं. जून 2013 मध्ये संस्थेच्या प्रमुखानं माफी मागितली आणि संस्था बंद झाली. आपल्याकडे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं अशी "थेरपी" देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. घरचे अशा कोणाकडे न्यायला लागले, तर हे त्यांना सांगा.

मी स्वतः अजून विश्वासात आहे. मित्र विचारतात, "काऊन बे, अजून कसा काय जातोस चर्चमध्ये?" मी बायबल परत वाचलं, रागानं वाचलं, म्हणून जातो.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात एक नियम आहे, की षंढानं देवाच्या मंडळीत यायचं नाही. तोच शब्द, मंडळी. पुढे यशयाच्या छप्पनाव्या अध्यायात देव अशाच माणसांना सांगतो की माझ्या घरात तुम्हाला जागा देईन आणि मुलाबाळांनी चालतं त्यापेक्षा मोठं नाव देईन. ज्यांचं घराणं पुढे चालणार नाही, त्यांना हे वचन आहे. आणि नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांत, फिलिप्प वाटेवर एका हबशी षंढाला भेटतो. तो माणूस पाणी बघून विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? फिलिप्प हरकत काढत नाही, पाण्यात उतरतो. तो शब्द आणि मी, आम्ही एक नाही, हे मला कळतं. पण एकाच पुस्तकात बंद झालेलं दार त्याच पुस्तकात उघडलेलं बघणं, हे माझ्यासाठी छोटं नव्हतं.

आणि नाताळाची गोष्ट तर तुम्हाला पाठच आहे. जागा नाही म्हणून बाहेर जन्मलेलं बाळ. मोठेपणी त्याच्याही घरच्यांना वाटलं की याला वेड लागलंय आणि ते त्याला न्यायला आले होते. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आहे हे. दर नाताळाला गोठा सजवतात, त्या प्रवचनात हा भाग सहसा येत नाही.

यंदाच्या पंचवीस तारखेसाठी

आता थोडं कामाचं. मी तज्ज्ञ नाही, तीन नाताळ एकट्यानं काढलेला माणूस आहे.

घरी जायचंच असेल आणि तिथे मारहाण, कोंडून ठेवणं किंवा जबरदस्तीच्या लग्नाची भीती असेल, तर जाऊ नका. सण पुढच्या वर्षीही येतो. जाणार असाल तर परतीचं तिकीट आणि थोडे पैसे स्वतःजवळ ठेवा, आणि एका मित्राला माहीत असू द्या.

जाणार नसाल तर तो दिवस मोकळा सोडू नका. पहिल्या वर्षी मी दिवसभर पडून राहिलो, संध्याकाळपर्यंत हाल झाले. दुसऱ्या वर्षी खोलीवर तिघांना बोलावलं. एक सोलापूरची मुलगी, एक लातूरचा मुलगा, एक माझा रूममेट. रूममेटला काही माहीत नव्हतं, त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, "बरं, चटणी दे." करंज्या फुटल्या, सारण बाहेर आलं, खाल्ल्या तशाच.

मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे. आपल्यासारखे लोक भेटतात तिथे. आणि मन फारच खाली गेलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आत्ता लिहून घ्या. लागणार नाही असं वाटलं तरी लिहून घ्या.

आणि जे आईबाप, काका, मामा, पाळक चुकून हा भाग ऐकत असतील, त्यांना एकच विनंती. आपल्या घरच्या भिंतीवरच्या सगळ्यात जुन्या फोटोपुढे उभे राहा आणि विचारा, हा माणूस आपल्याकडे कुठून आला? त्याला कोणी सोडलं होतं आणि कोणी आत घेतलं होतं? आज तुम्ही त्या दोघांपैकी कोण आहात?

शेवटचं सांगतो आणि थांबतो. गेल्या रविवारी सकाळी ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला, अकोल्याहून पार्सल आहे, स्टॉपवर येऊन न्या. स्टीलचा डबा, कापडात बांधलेला. आत करंज्या. चिठ्ठी नाही, काही नाही. फोन केला तर आई एवढंच म्हणाली, "भेटला का डबा? कोरड्यात ठेवजो." या वर्षी ये, असं नाही म्हणाली. पप्पांचा आवाज मागून आला नाही.

मी त्याचा फार मोठा अर्थ काढत नाहीये. घरी जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण डबा तर परत पाठवायचाय, आणि आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. बाकरवडी भरीन म्हणतो. सोबत 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत ठेवीन. आईला वाचायला आवडतं.

तुमचा कोणी घरापासून दूर असेल यंदा, तर त्याला हा भाग पाठवा. आणि जमलं तर जेवायलाही बोलवा. पुढच्या भागात खामगावच्या कापूस बाजाराकडे परत जाऊ. तोवर सांभाळून राहा. नाताळाच्या शुभेच्छा, मंडळी.